चित्र धरलं, आवाज सोडला

दगडू, काल संध्याकाळी टीव्हीचा आवाज पुन्हा गेला. बातम्या देणारी बाई नुसतेच ओठ हलवत राहिली. हे खुर्चीतून म्हणाले, "अगं, बटणाभोवतीची ती कडी जरा फिरव." मी ऐकू न आल्यासारखं केलं. शेवटी सुभेदारसाहेब स्वतः उठले, एका हातात पान आणि दुसऱ्या हातानं कडी सुतभर फिरवली. चित्रावर मुंग्या पसरल्या आणि आवाज आला. "बातम्या काय, ऐकायच्याच असतात," म्हणाले आणि परत जाऊन बसले. एवढंच काम होतं. ज्यासाठी तू त्या रविवारी चाळीस माणसांत माझ्यापुढं हात पसरलास, ते माझ्या नवऱ्यानं पानाला चुना लावता लावता करून टाकलं.

मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. रडले नाही. तुझ्यासाठी रडायचा मला हक्क आहे की नाही, हे माझं अजून ठरत नाही.

तू कुठं जन्मलास, फौजेतून कधी परतलास, मागं कोण कोण आहे, ते सगळं पेपरात तुझ्या फोटोखाली छापून झालंय. ते पुन्हा लिहायला मी बसलेली नाही. मी बसलेय ती आपलं भांडण पुरं करायला. तू कुठलंही काम अर्धं सोडून उठणारा माणूस नव्हतास, पण या वेळी उठलास.

भांडण जुनंच. सांगलीत एका गल्लीत राहत होतो तेव्हापासूनचं. मी दीड वर्षानं मोठी म्हणून तू मला आक्का म्हणायचास, आणि आक्का म्हणत म्हणत माझं एक ऐकायचा नाहीस. "आक्का, डोळ्याला दिसतं ते घडून गेल्यावर दिसतं. कानाला आदी कळतं," हे तुझं वेदवाक्य. मी पडले मास्तरीण. फळ्यावर लिहिलेलं दिसल्याशिवाय माझा कशावर विश्वास नाही. मी म्हणायची, "कानानं ऐकून गावात भांडणं लागतात रं, डोळ्यानं बघितलं की मिटतात." त्यावर तू म्हणायचास, "तुजी शाळा बगून चालू दे, माजं गॅरेज ऐकून चालतंय." आणि गॅरेज खरंच चालायचं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागायचं.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या गॅरेजात तू या हट्टाचा कायदाच करून टाकला होतास. गाडी घेऊन आलेल्या माणसानं आधी बिघाडाचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा, मगच तू पान्हा हातात घेणार. शिराळ्याचे ते ट्रॅक्टरवाले बागायतदार आठवतात का? परीटघडीचं धोतर, डोक्याला फेटा, आणि म्हणतात कसे, "मिस्त्री, कायतरी वाजतंय."

"कायतरी म्हंजे? काढून दावा की."

"आवं, मी कसा काढू?"

"रोज ऐकतंय कोन? तुमी का मी?"

मग त्या भल्या माणसानं इकडंतिकडं बघितलं आणि "घुर्रर्र खट्, घुर्रर्र खट्" सुरू केलं. भोवतीची माणसं हसून बेजार झाली. तू मात्र हसला नाहीस. डोळे मिटून ऐकलंस आणि विचारलंस, "खट् आदी का घुर्र आदी?" माझं शिवणयंत्र बिघडलं तेव्हा मलाही तू सोडलं नव्हतंस. शाळेची हेडबाई मी, आणि तुझ्या दारातल्या टायरावर बसून "टक टक चर्र" करत होते. पण यंत्र न उघडताच कुठला स्क्रू सैल आहे ते तू सांगितलंस, आणि निघाला तोच.

आणखी एक गोष्ट मला आज लिहून ठेवायची आहे, कारण ती तोंडावर कधी बोलले नाही. एकाहत्तरच्या डिसेंबरात हे सीमेवर होते. पत्र बंद. सातारच्या घरात मी एकटी, आणि नेमका रेडिओ मुका झाला. मी तुझ्या शेजारच्या दुकानात फोन लावून निरोप ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू हळदीच्या ट्रकातून सातारला उतरलास. कपडे पिवळेजर्द, अगदी नवरदेव, आणि खिशात रुमालात गुंडाळलेला एक व्हॉल्व. तासाभरात रेडिओ बोलायला लागला. मग तू गेला नाहीस. लढाई थांबेपर्यंत बातम्यांच्या वेळेला माझ्याशेजारी येऊन बसायचास. "आक्का, ज्या घरात आवाज चालू हाय त्या घराला भ्या न्हाई," म्हणायचास. माझ्या घरात आवाज तू आणलास, दगडू. मी ते विसरले नव्हते. तरीही त्या रविवारी केलं ते केलंच.

सुरेशबद्दल तुला काय सांगायचं. माझा सगळ्यात धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला मी वाढवला. पण सांगलीला कॉलेजात गेल्यापासून तो माझा कमी आणि तुझा जास्त झाला. अंगाला ग्रीसचा वास, बोलण्यात दगडूदाशिवाय नाव नाही. तुम्ही दोघांनी मिळून ती जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल शर्यतीसाठी बांधली. दोन वर्षं ती तुझ्या गॅरेजच्या मधोमध उघडीनागडी उभी होती. मला तर ती गाडी कमी आणि तुमच्या घरातलं तिसरं पोर जास्त वाटायची.

मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण तू समजावलेल्या दोन गोष्टी पक्क्या लक्षात आहेत. एक म्हणजे बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी, आणि पिस्टन यांच्यातली फट. ती कमी ठेवली की गाडीत जोर येतो, पण फारच कमी झाली तर तापल्यावर पिस्टन फुगून अडकतो, मागचं चाक जागच्या जागी जाम होतं आणि माणूस फेकला जातो. तू ती फट नेहमीपेक्षा केसभर कमी ठेवली होतीस, आणि तेवढीच एक धाकधूक तुझ्या मनात होती. दुसरी गोष्ट तेलाची. पेट्रोलात मिसळायचं तेल तू स्वतः मापून घालायचास, कारण ते कमी पडलं तरी पिस्टन तसाच अडकतो. "तेलाला हात आखडणाऱ्यानं माज्या दारात पाय ठिवायचा न्हाई," हे गॅरेजात शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ऐकावं लागायचं. सुरेशनंही ऐकलं होतं.

मुंबईच्या बाजूला एका जुन्या धावपट्टीवर शर्यती ठरल्या. सुरेश गाडी घेऊन पुढं गेला. तूही जाणार होतास, पण आठवडाभर आधी जॅक घसरून पायावर आला आणि पाऊल प्लास्टरमध्ये गेलं. तेवढ्यात कळलं की शर्यती टीव्हीवर थेट दाखवणार आहेत. सांगलीला तेव्हा टीव्हीचं नावच ऐकायचं. आमच्या सातारला सिंहगडावरच्या टीव्ही-मनोऱ्यावरून येणारं उरलंसुरलं पोहोचायचं, तेही सुभेदारांनी गच्चीवर उभ्या केलेल्या वीस फुटी नळाच्या कृपेनं. तू कुणाच्या तरी जीपमधून, प्लास्टरचा पाय पुढं करून, रविवारी सकाळीच दारात हजर झालास. "आक्का, मला बगायचं न्हाई. मला ऐकायचंय," म्हणालास. मी म्हणाले, "मग टीव्हीपुढं कशाला आलास? रेडिओपुढं बस."

माझा भाऊ टीव्हीवर दिसणार ही बातमी मीच पेठेत पसरवली होती. खोटं कशाला बोलू, दवंडी पिटायची तेवढी बाकी होती. शाळेतल्या बाई, शेजारपाजार, संस्थेचे चेअरमन सपत्नीक, सगळी मिळून चाळीस माणसं आमच्या बाहेरच्या खोलीत. मी ठेवणीतलं नेसले होते. टीव्हीची लाकडी दारं उघडली, सेट तापला, आणि चित्र आलं ते इतकं स्वच्छ की लोकांनी टाळ्याच वाजवल्या. मोटारसायकली ओळीनं उभ्या, माणसं निशाणं हलवतायत, पण आवाज ठार बंद.

मग जे काय झालं त्यावर एरवी आपण वर्षभर हसलो असतो. चेअरमन म्हणाले, "तिकडूनच आवाज नसेल." कुणी प्लग हलवला. एकानं सेटच्या डोक्यावर थाप मारली, तेव्हा तू खेकसलास, "आवं, ती काय म्हस हाय का थापटायला?" हे गच्चीवर जाऊन अँटेनाचा नळ फिरवायला लागले आणि वरून ओरडायला लागले, "आला का?" खालून आम्ही, "न्हाई!" ते आणखी फिरवायचे, तर असलेलं चित्रही जायचं, मग सगळी खोली ओरडायची, "मागं घ्या! मागं!" तू खुर्चीतून सांगितलंस, "आवाजाचं बटण पुरं फिरव." मी फिरवलं. तू मान कलती करून ऐकलंस. "भणभण येतीया. म्हंजे स्पीकर जिता हाय, पेटीत बिगाड न्हाई. चित्र आन आवाज येगयेगळ्या वाटंनं येत्यात गं आक्का. आपून कडेला हाय, लाट पुरी पोचत न्हाई. ती भायेरची कडी हाय नव्हं, ती सुतभर डावीकडं घे."

मी घेतली. चित्र पांढऱ्या मुंग्यांनी भरून गेलं आणि आवाज आला. असा आवाज माझ्या खोलीत कधी घुमला नव्हता. पंचवीसतीस इंजिनं एकदम ओरडत होती. तू डोळे मिटलेस, आणि त्या क्षणी तुझा चेहरा मी बघितला. देवळात बसलेल्या माणसाचा असतो तसा होता. आणि खोली ओरडली, "चित्र! चित्र! बाई, चित्र घालवलं!" मी कडी उजवीकडं घेतली. चित्र आलं, आवाज गेला. दोन्ही मिळून काही केल्या येईना. चित्र धरलं की आवाज सुटायचा, आवाज धरला की चित्र.

तू माझ्याशी सौदा केलास. सुरेशची गाडी समोरून जाईल तेवढ्यापुरता आवाज द्यायचा, बाकी वेळ चित्र. दोन फेऱ्या मी तसं केलं. दुसऱ्या फेरीला तू म्हणालास, "अजून झ्याक बोलतंय. पर आता तापंल. तापल्यावर कसं बोलतंय ते ऐकाय पायजे." तिसऱ्या फेरीला चेअरमनांच्या पत्नी म्हणाल्या, "आम्ही काय मुंग्या बघायला आलो का हो?" त्या हसून म्हणाल्या. पण मला ते झोंबलं. घर माझं, टीव्ही माझा, भाऊ माझा, आणि माझीच शोभा होतेय असं वाटलं. चौथ्या फेरीला तू म्हणालास, "आक्का, आवाज." मी हलले नाही. तू पुन्हा म्हणालास, "आक्का, एकडाव. एकडावच दे." आणि प्लास्टरचा पाय ओढत तू उठलास आणि कडीकडं हात घातलास.

मी तुझ्या हातावर चापट मारली. "हात काढ दगडू. हितं लोक बगाय आल्यात. तुजं गॅरेज न्हाई हे."

खोलीत दोघंचौघं हसली. तू हात मागं घेतलास. तसाच उभा राहिलास, सेटच्या लाकडाला हात टेकून. पाचव्या फेरीला सुरेश वळणावरून सरळ रस्त्याला लागला, तिसरा होता, मी त्याच्या पाठीवरचा आकडा मोठ्यानं वाचला, आणि मागचं चाक फिरायचं थांबलं. गाडी आडवी होऊन घसरत गेली आणि तो तिच्यापुढं गडगडत गेला. आवाज काहीच नाही. माझी किंकाळीसुद्धा मला आठवत नाही. तेव्हा तू कडी फिरवलीस. चित्र गेलं, आणि मुंग्यांमधून एक माणूस इंग्रजीत काहीतरी भराभर सांगत होता.

पुढचं तुला माहीत आहे असं तुला वाटत होतं. आता खरं ऐक.

मी त्याच दिवशी मुंबईला निघाले. सुरेशच्या मांडीचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिल्यांदा तुझंच नाव घेतलं. मी म्हणाले, "त्याला कळवते, तू जिता हायस म्हणून." तर माझा हात धरला आणि रडायला लागला. "आक्का, तेल मी कमी घातलं. हितला एकजण म्हनला, निम्मं तेल घाल, धूर कमी, पळ जास्त. सगळी तसंच करत्यात म्हनला. मला वाटलं, जिकून दगडूदाच्या म्होरं जावं." मग म्हणाला, "त्याला सांगू नगंस. त्यो माझ्याकडं परत बगायचा न्हाई. आईची शपत घे." मी घेतली. मोडक्या हाडाचं पोर समोर पडलेलं, दगडू. त्याला वाढवलेली मी. त्या घडीला मी कशाचीही शपथ घेतली असती.

आणि एवढ्यावर थांबले नाही. गाडी तू उघडशील तर पिस्टनवरून तुला सगळं कळेल, असं तो म्हणाला. गाडी मी तिथंच भंगारवाल्याच्या हवाली केली. उभी राहून, माझ्या डोळ्यांसमोर, हातगाडीवर चढवून दिली.

तू महिन्याभरानं सातारला आलास. प्लास्टर निघालं होतं. सुरेशची चौकशी केलीस, चहा घेतलास, आणि कपाकडं बघत म्हणालास, "गाडी कुटं हाय?"

"भंगारात दिली. अपशकुनी गाडी कशाला ठेवायची?"

"बोअर तरी बगू दिला असतास गं." मग विचारलंस, "आक्का, तू सेटला चिकटून हुतीस. कडी तुज्या हातात हुती. पडायच्या आदी बारीकसा तरी आवाज आला असंल. कसा हुता? तोंडानं काढून दाव."

मी म्हणाले, "न्हाई रं, काय आलं न्हाई." ते खरंच होतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण काय घडलं ते मला माहीत होतं, आणि तू आवाज मागत होतास तेव्हा तुला आवाज नकोच होता. तुला एवढंच हवं होतं की कुणीतरी सांगावं, तुझा हात चुकला नाही. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी आत जाऊन तुला आणखी चहा आणला.

"फट म्याच कमी ठिवली," तू म्हणालास. "माजाच हात." मी तेव्हा तुझ्यावर चिडले, आठवतं? म्हणाले, "आन समज, आवाज ऐकू आला असता तर सातारला बसून तू काय करणार हुतास? धावत जाऊन थांबवणार हुतास गाडी?" तू शांतपणे म्हणालास, "थांबवता आली नसती. पर कळलं असतं." भांडण तिथंच राहिलं.

त्यानंतर तू स्वतःच्या हातानं बोअरचं काम केलं नाहीस. कामं कोल्हापूरला पाठवायला लागलास. लोक म्हणायचे, मिस्त्रीचं वय झालं. वय कसलं, त्रेचाळीस! गाडीवाला यायचा, तोंडानं आवाज काढायला लागायचा, तर तूच म्हणायचास, "ऱ्हाऊ द्या, उगडून बगू." हे मला तुझ्या बायकोनं, पार्वतीनं सांगितलं तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले. माणूस जेवतोच.

सुरेश बरा झाला पण पाय आखूड राहिला. सांगलीत त्याला राहवेना. आटपाडीला एका कचेरीत चिकटला, तुझ्यापासून लांब. आणि तू काय करावंस? दर महिन्याला त्या उन्हातून आटपाडी गाठायचास. मिरजेच्या वैद्याकडचं तेल घेऊन जायचास आणि स्वतःच्या हातानं त्याच्या मांडीला चोळायचास. सुरेश मला सांगायचा, "आक्का, त्यो चोळतो तवा मला जीव नकोसा हुतो." मी म्हणायची, "मग सांग की त्याला." तो म्हणायचा, "तूच सांग." असं आम्ही बहीणभाऊ दोन वर्षं एकमेकांकडं ढकलत राहिलो आणि तू तेल चोळत राहिलास. तेल कमी घालणाऱ्या माणसाच्या पायाला, दगडू.

एकदा मी खरंच ठरवून विश्रामबागेत आले होते. शपथ गेली उडत, म्हटलं. तू मला बघून इतका खूश झालास की समोरच्या दुकानातून भडंग आणायला स्वतः धावलास. मग सुरेशच्या लग्नाचं बोलायला लागलास, आटपाडीकडची एक मुलगी बघून ठेवली होतीस. "पाय आखूड हाय, पर कष्टाळू हाय म्हनून सांगितलंय म्या. पोरगं माज्या जबाबदारीचं हाय." मी भडंग खाल्लं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

आणि मग तुझं दुखणं. दवाखान्यात मी आले तेव्हा तू बोलत होतास, थांबून थांबून, पण बोलत होतास. पार्वती उशाशी होती. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, "आक्का, तुज्या भावाचा पाय माज्यावर हाय. तेवडं तुजं देणं घिऊन चाललोय."

त्या वेळी सांगायचं होतं. त्याच्यापेक्षा चांगली वेळ देवानंसुद्धा दिली नसती. सुरेशचं काय व्हायचं ते झालं असतं, पार्वतीनं मला शिव्या घातल्या असत्या, घालू द्यायच्या. पण मी काय केलं? तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे रं. झालं गेलं. मनात ठिवू नगंस. आमी तुला कवाच माफ केलंय."

मी तुला माफ केलं. मी. तुला. आणि तू "बरं झालं" म्हणालास आणि डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

तुझ्या दहाव्याला मी कृष्णेच्या घाटावर होते. आटपाडीहून सुरेश आला होता, लांब पायरीवर एकटाच उभा होता. मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. पिंड ठेवला की कावळा शिवायचा नाही, तुझ्या मनात एवढं मोठं राहिलेलं असताना कसा शिवेल? मग सगळे पुढं होतील, पोरांना शिकवू, गॅरेज बंद पडू देणार नाही, असे शब्द देतील. तरी शिवायचा नाही. शेवटी मी पुढं होईन आणि चार लोकांत मोठ्यानं सांगेन, दगडू, तुझा हात चुकला नव्हता. दोन वर्षं जे जमलं नाही ते मला एका कावळ्याच्या आडून करायचं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते.

पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरली नाहीत तोच कावळा आला. घास घेतला आणि उडून गेला. मी पदर सावरून उठायच्या बेतात होते, तशीच खाली बसले. सगळ्यांनी नदीकडं बघून हात जोडले. कुणीतरी म्हणालं, "सुटला गड्या. काय ऱ्हायलं न्हवतं त्याचं." सुरेशनं ते ऐकलं आणि तो पाठ फिरवून लंगडत पायऱ्या चढून निघून गेला.

पार्वती माझ्याजवळ आली. दोन्ही हातांनी माझा हात धरला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "आक्का, त्यांच्या जिवाला तेवडं एकच खात हुतं बगा. तुमी दवाखान्यात त्यांला मोकळं केलंसा, म्हनून कावळा लगी शिवला. तुमचं उपकार मी कवा इसरायची न्हाई."

मी "व्हय" म्हणाले.